देवळाभोवतीचे गाजर गवत आणि गावाचे श्रमदान

(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नाथाच्या शिखरावर कलश चढला. सभामंडप उभा राहिला, फरशी झाली, दीपमाळेची डागडुजी झाली. ज्यांनी पैसा दिला त्यांनी पैसा दिला, ज्यांनी ट्रॉलीभर दगड टाकले त्यांनी दगड टाकले. त्या सर्वांचे कौतुक या स्मरणिकेत अन्यत्र यथायोग्य झालेले आहे. अशा मंगल प्रसंगी गवतावर बोलणे म्हणजे लग्नाच्या मांडवात उकिरड्याची गोष्ट काढण्यासारखे आहे, असे कोणास वाटल्यास त्यात त्याची चूक नाही. पण ज्याला तसे वाटेल त्याने सभा संपल्यावर देवळाच्या मागल्या बाजूस, जोत्याच्या नव्या भरावावर एक फेरी मारावी. गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पाने जमिनीसरशी पसरलेली दिसतील. एक पाऊस पडू द्या, तीच झाडे कमरेएवढी होऊन पांढऱ्या फुलांनी भरून जातील.

हे गवत तेथे आले कसे? उत्तर थोडे अवघड वाटेल, पण खरे आहे. ते जीर्णोद्धाराबरोबर आले. वाळू ज्या पात्रातून आली, मुरूम ज्या खाणीतून आला, विटा ज्या भट्टीवरून आल्या, त्या सर्व ठिकाणी हे गवत माजलेले आहे. त्याचे बी बारीक, काळे आणि हलके. गाडीच्या चाकाच्या चिखलात, पोत्याच्या शिवणीत, शेणखताच्या ढिगात ते सहज प्रवास करते. शिवाय पायासाठी जमीन खणली गेली, जुनी हरळी निघाली, माती उघडी पडली. उघडी माती हे या गवताचे माहेरघर. जेथे कुदळ लागली तेथे ते सर्वांच्या आधी हजर होते. यात बांधकाम समितीचा दोष नाही. कोठेही बांधकाम काढा, तेथे हेच होते. मात्र ज्या कामाने ते आणले, त्या कामाच्या हिशेबातच ते काढण्याचा खर्च व कष्ट धरावयास हवेत, एवढाच मुद्दा आहे.

या गवताला कोणी काँग्रेस गवत म्हणतात, काही भागांत पांढरफुली म्हणतात. काँग्रेस हे नाव पांढऱ्या टोपीसारख्या फुलावरून पडले असे एक सांगतात, तर त्या पक्षाच्या राजवटीत आले म्हणून पडले असे दुसरे सांगतात. गावातील राजकारण आधीच पुरेसे असल्याने या भाषणापुरते गाजर गवत हेच नाव पुरे. त्याचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ ठाणे मेक्सिको व अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्याच कुळातले हे झाड आहे. म्हणजे देवाला वाहावयाच्या फुलांचे हे एक वाया गेलेले भाऊबंद.

भारतात त्याची ठळक नोंद झाली ती आपल्या पुण्यातच, १९५५-५६ च्या सुमारास. जुन्या वनस्पतिसंग्रहांत त्यापूर्वीचे नमुने असल्याचे पुढे लक्षात आले. तथापि ते खरे माजले त्यानंतरच. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून बी आले, असे सर्वत्र मानले जाते. ते खरे असेलही. परंतु तो गहू खाऊन संपल्याला आता कित्येक वर्षे झाली. आज गायरानात जे बी पडते आहे ते अमेरिकेचे नव्हे. शेजारच्या बांधावरचे आहे. अमेरिकेला बोल लावून गायरान स्वच्छ होत नाही.

या गवताचे मर्म त्याच्या बियांत आहे. एक चांगले वाढलेले झाड दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत बी टाकते. ओल मिळाली की वर्षाच्या कोणत्याही महिन्यात ते उगवते. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते आणि तीन-चार महिन्यांत आपला संसार आटोपते. एका पावसाळ्यात दोन-तीन पिढ्या होतात. मातीत खोल गेलेले बी तर वर्षानुवर्षे जिवंत राहते. शिवाय त्याच्या मुळापानांतून असा काही अर्क मातीत उतरतो की शेजारी दुसरे गवत नीट वाढत नाही. पवना, मारवेल, कुसळी ही चाऱ्याची गवते मागे हटतात आणि हे पुढे सरकते. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. उन्हाळ्यात उपासमारीने किंवा चाऱ्यात मिसळून पोटात गेले तर दुधाला कडवट वास येतो. ज्यांच्या घरी दुभते आहे त्यांना हे सांगावयास नको.

माणसाला होणारा त्रास याहून वाईट. पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी १९६० ते १९७५ या काळात असे पुष्कळ रोगी पाहिले. शेतात, रस्त्यावर काम करणारी ही माणसे. चेहरा, मान, कोपराची लवण, जेथे जेथे अंग उघडे तेथे तेथे कातडी लाल होई, खाज सुटे, चिरे पडत, पुढे कातडी जाड व काळी होई. या गवतातील पार्थेनिन नावाचे द्रव्य त्याचे कारण. त्याची लबाडी अशी की पहिल्या दिवशी काही होत नाही. कोणी पाच वर्षे निर्धास्त उपटतो, आणि सहाव्या वर्षी अंगावर येते. एकदा ते अंगाने धरले की मग वाऱ्यावर उडालेली पानाफुलांची भुकटीदेखील पुरते. ज्यांना दमा आहे, सतत शिंका येतात, त्यांनाही फुलोऱ्याच्या दिवसांत त्रास वाढतो. यात्रेत अनवाणी दंडवत घालणारे भक्त याच आवारात जमिनीवर लोटांगण घेतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता श्रमदानाविषयी. हा शब्द या महाराष्ट्राला नवा नाही. गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडीत. बाबांचे निर्वाण १९५६ च्या डिसेंबरातले, म्हणजे हे गवत पुण्याच्या उकिरड्यावर नुकते डोके वर काढीत होते तेव्हाचे. नाही तर बाबांनी त्यालाही सोडले नसते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे उदाहरण तर आजच्या प्रसंगाला फारच जवळचे. १९७५ साली फौजेतून गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी प्रथम हात घातला तो यादवबाबांच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला, आणि तोही स्वतःची पुंजी घालून. देवळाच्या निमित्ताने गाव एकत्र आले आणि मग त्याच गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी अशी कामे अंगावर घेतली, नालाबंडिंग केले, पाणी अडवले. तेथे देऊळ पुरे झाले आणि काम सुरू झाले. बहुतेक गावांत देऊळ पुरे होते आणि हिशेबाची भांडणे सुरू होतात.

श्रमदानाचा नेहमीचा प्रकार सर्वांना पाहून ठाऊक आहे. दवंडी पिटते, ध्वनिवर्धक लागतो, पाहुणे येतात. शंभर-दीडशे माणसे एक सकाळ भरपूर राबतात. गवताचे डोंगर रचले जातात, त्यांच्यासमोर फोटो निघतो, वर्तमानपत्रात येतो. पंधरा दिवसांनी तेथे पुन्हा हिरवेगार. मग माणसे म्हणतात, हे जाणारच नाही. वस्तुतः उपटताना माती हलते, खालचे बी वर येते आणि पाऊस पडताच ते उगवते. म्हणजे दुसरी उगवण दिसणे हे काम फुकट गेल्याचे चिन्ह नसून मातीतली शिल्लक बाहेर पडत असल्याचे चिन्ह आहे. ती शिल्लक फुलावर येण्याआधी पुन्हा काढली तर नवी भर पडत नाही. दोन-तीन वर्षे असे झाले की ठेव आटत जाते. पण एकदा जरी फुलू दिले तरी मागच्या साऱ्या श्रमांवर पाणी पडले असे समजावे.

तेव्हा प्रश्न एका मोठ्या दिवसाचा नाही, फेऱ्यांचा आहे. यासाठी पंचांगातच एक सोय आहे. अमावास्येला औत न जुंपण्याचा रिवाज या भागात जुना. बैल कमी झाले, ट्रॅक्टरला काही अमावास्या नसते, तरी रिवाज अजून टिकून आहे आणि गडीमाणसे त्या दिवशी त्या मानाने मोकळी असतात. दोन अमावास्यांमध्ये अंतर एकोणतीस-तीस दिवसांचे, आणि गवताला फुलावर यायला लवकरात लवकर चार आठवडे. हिशेब नेमका बसतो. ज्येष्ठ अमावास्येपासून कार्तिक अमावास्येपर्यंत दर अमावास्येला एक फेरी झाली, तर बहुतेक झाडांना बी धरण्याची उसंतच मिळणार नाही. अधिक मास आला तर एक फेरी जास्त, एवढेच. अमावास्येला शुभकार्य करीत नाहीत हे खरे. पण उपटून टाकण्याला मुहूर्त कशाला हवा?

सरकारी पातळीवरही प्रयत्न आहेत. जबलपूर येथे १९८९ साली स्थापन झालेली तण संशोधनाची राष्ट्रीय संस्था दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळते. शाळेने तो अवश्य साजरा करावा. परंतु मृगाच्या पावसावर उगवलेले गवत ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहुधा फुललेले असते, म्हणून गावाने त्या सप्ताहाची वाट पाहू नये.

वेळ सकाळी सात ते नऊ, यापेक्षा अधिक नको. याला दोन कारणे. पावसाने माती ओली असते, सोटमूळ सबंध निघते. वरचेवर तोडलेले झाड बुडख्यातून पुन्हा फुटते. पहाटेचे दहिवर असेतो भुकटीही कमी उडते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. भांगलण, खुरपणी ही कामे या मुलखात बायकांची समजली जातात. श्रमदान जाहीर होते तेव्हा खुरपे बायकांच्या हाती येते आणि पुरुष चहाची व्यवस्था पाहतात. त्यातही जी बाई रोजाने जाते, तिचा एक दिवस म्हणजे घरचे पीठमीठ. बागायतदाराने एक दिवस दिला तर त्याला तो जाणवणारही नाही. रोजगारी बाईने दिला तर त्या दिवशीची चूल अडते. दोघांचे दान सारखे लेखणे न्यायाचे नाही. नऊ वाजता मोकळे केले तर तिचा रोज बुडत नाही. आणि पुरुषांनी खुरपे धरले तर कोणाचा मान जात नाही.

या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली आहे, एकशे एक रुपयांपासून पुढे. ती असावीच. त्याचप्रमाणे सभामंडपात एक हजेरी वही ठेवावी. जो येईल त्याचे नाव, किती फेऱ्या झाल्या तो आकडा. यात्रेच्या दिवशी देणग्यांचे वाचन होते तेव्हा ही वहीही त्याच आवाजात वाचली जावी. दोन तासांच्या श्रमाला पावती नसते, म्हणून नाव तरी असावे.

मुंबई-पुण्यास स्थायिक झालेल्या मंडळींना येथे एक विनंती, आणि ती रागावून न घेता ऐकावी. त्यांच्या देणग्यांवाचून हे देऊळ उभे राहिले नसते, याबद्दल दुमत नाही. परंतु गावात ज्या जागांवर हे गवत सर्वांत दाट आहे त्यांपैकी बऱ्याच जागा याच मंडळींच्या आहेत. बंद वाड्याचे परसू, पडीक टाकलेली वाटणीची जमीन, कुंपण घातलेला मोकळा प्लॉट. तेथून उडालेले बी देवळाच्या आवारात येते. देणगी देवाच्या दारात आणि बी देवाच्या अंगणात, असा हा प्रकार चालू आहे. प्रत्येकास गावी येऊन खुरपणे शक्य नाही हे उघड आहे. तरी ग्रामपंचायतीच्या नावे एक पत्र द्यावे, फाटकाची एक किल्ली देवस्थानकडे ठेवावी आणि वर्षातून दोन-तीन वेळा तेथे मजुरी देऊन साफसफाई करून घेण्याची व्यवस्था करावी. लेखी परवानगी यासाठी की दुसऱ्याच्या जागेत न विचारता कोणी पाय ठेवू नये. बांधावरचे गवत काढायला गेलेला माणूस बांध कोरायलाच आला असे समजणारे शेजारी प्रत्येक गावात असतात. ज्या बांधाचा वाद कोर्टात आहे तेथे दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूचे गवत आपणच काढावे, हे उत्तम.

सुरुवात किती जागेपासून करावी? गायरान, ओढा, स्मशानाची वाट, शाळेचे मैदान, सर्व ठिकाणी हे गवत आहे आणि उत्साहात सारेच एकदम हाती घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. पहिल्या अमावास्येला शंभर येतील, दुसरीला चाळीस, चौथीला बारा. हा गावाचा दोष नाही, मनुष्यस्वभाव आहे. बारा माणसांना दोन तासांत राखता येईल तेवढीच जागा पहिल्या वर्षी धरावी. म्हणजे देवळाचे आवार आणि तेथून ओढ्यापर्यंतची पालखीची वाट. ती वर्षभर खरोखर स्वच्छ राहिली तर पुढच्या वर्षी शाळा, त्यापुढे स्मशानाची वाट. गायरान शेवटी.

गायरानात तोवर एक मदतनीस काम करतो. मेक्सिकोतूनच आणलेला एक भुंगा, झायगोग्रामा त्याचे नाव. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याची परीक्षा करून १९८४ साली तो प्रथम सोडला आणि आता तो महाराष्ट्रातही पुष्कळ ठिकाणी आढळतो. पिवळसर अंगावर तपकिरी रेघा, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. पावसाळ्यात तो व त्याच्या अळ्या गाजर गवताची पाने खाऊन चाळणी करतात. थंडीत तो मातीत दडून बसतो. सूर्यफुलावर तो आढळल्याने मध्यंतरी ओरड झाली होती, परंतु चौकशीअंती त्याला निर्दोष ठरविण्यात आले. जेथे तो दिसेल तेथे औषध फवारू नये. मात्र भुंग्याच्या भरवशावर आवार सोडून चालणार नाही. तो आपल्या सवडीने खातो.

औषधांची माहिती कृषी सहायकांकडून घ्यावी. मिठाचे दाट पाणी फवारण्याचाही एक उपाय सांगतात. पडीक खडकाळ जागी तो ठीक, पण पिंपळाच्या पाराजवळ वा विहिरीच्या काठाशी मीठ ओतू नये.

काढलेल्या जागी दुसरे काही लावले नाही तर गवत परत येणार. शास्त्रज्ञ यासाठी टाकळा व झेंडू यांची शिफारस करतात, कारण ते दाट वाढून त्याला उठू देत नाहीत. आवारात झेंडूच शोभेल. आषाढात रोपे लावली तर दसऱ्याला फूल येते, आणि दरवर्षी बाजारातून फुलांची पोती आणण्याचा देवस्थानचा खर्चही वाचतो. पालखीच्या वाटेच्या दोन्ही कडांना टाकळ्याचे बी फेकावे. पहिल्या पावसात त्याची भाजीही होते. ही दोन कामे शाळेतील मुलांनी करावीत. गवत उपटण्यास मात्र लहान मुलांना लावू नये, मग गुरुजी कितीही उत्साही असोत. दमेकरी, गरोदर स्त्रिया आणि ज्यांना एकदा खाज येऊन गेली आहे त्यांनीही दूर राहावे. वही लिहिणे, पाणी देणे ही कामे त्यांना पुष्कळ आहेत.

उपटलेल्या गवताचे काय करावयाचे, यात सहसा घोटाळा होतो. फुले नसतील तर खड्ड्यात थर घालून, त्यावर शेणकाला शिंपडून, वरून मातीने लिंपून टाकावे. चार-पाच महिन्यांत चांगले खत होते. फुलावर आलेले झाड खतात घालू नये, उघड्या उकिरड्यावर टाकू नये, आणि ओढ्यात तर मुळीच टाकू नये, कारण बी पाण्याबरोबर खालच्या गावांपर्यंत जाते. अशी झाडे पोत्यात भरावीत, खडकावर वाळवावीत आणि माणसे दूर असताना जाळावीत.

जीर्णोद्धार निधीत जी काही शिल्लक राहील तिच्यातून हातमोज्यांचे तीस जोड, साबण आणि झेंडूचे बी एवढे पंचांनी घ्यावे. खर्च किरकोळ आहे, पण मंजुरीचा ठराव आजच व्हावा.

पहिली फेरी येत्या ज्येष्ठ अमावास्येस सकाळी सात वाजता. वरच्या आळीने देवळामागचा भराव घ्यावा, खालच्या आळीने दीपमाळेपासून वेशीपर्यंतची बाजू, आणि तरुण मंडळाने पालखीची वाट. अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत, तोंडाला उपरणे वा टॉवेल बांधावा, घरी गेल्यावर आंघोळ करून ते कपडे वेगळे धुवावेत. येताना आपले खुरपे आणि एक रिकामे पोते घेऊन यावे; हातमोजे कोठीत मिळतील. नऊ वाजता भटारखान्यात चहा.